मंगळावरून आलेले आपण

लंडनच्या नैऋत्येला वोकिंग नावाचं गाव आहे. तिथे १८८९ साली एक छोटी मशीद उभी राहिली. ब्रिटनमध्ये मुद्दाम मशीद म्हणून बांधलेली ही पहिली इमारत, आणि तिच्यासाठी भोपाळच्या शाहजहाँ बेगमने पैसा दिला होता. बांधून घेणारे गृहस्थ म्हणजे लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे माजी प्राचार्य लाइटनर. पौर्वात्य विद्यांच्या अभ्यासासाठी शेजारीच त्यांनी एक संस्थाही काढली होती. आठ वर्षांनी ही मशीद एका कादंबरीत आली, तीही जेमतेम एका वाक्यापुरती. मंगळावरून आलेल्या प्राण्यांनी आपला उष्णकिरण फिरवला, शेजारच्या संस्थेभोवतीची झाडं पेटली आणि धुरातून पाहिलं तर मशिदीचा कळस जागेवर नव्हता.

एच. जी. वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ वाचलेल्या बहुतेकांना हे वाक्य आठवत नाही. शाळकरी वयात आपण तीन पायांवर धावणाऱ्या त्या राक्षसी यंत्रांमागे पळत असतो, कळस कोण बघतो? पण मोठेपणी, आणि त्यातही २०२० सालातून पार पडल्यावर ही कादंबरी पुन्हा उघडली की अशा किरकोळ ओळीच हात धरून थांबवतात. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या भयकथेत हिंदुस्थान आहे, साम्राज्य आहे, साथ आहे, ओस पडलेलं महानगर आहे. भीती तर आहेच, पण ती भलत्याच ठिकाणी सापडते.

‘पिअर्सन्स मॅगझिन’मध्ये एप्रिल ते डिसेंबर १८९७ अशी नऊ महिने ती क्रमशः छापून आली आणि १८९८ साली पुस्तक निघालं. वेल्स तेव्हा तिशीतले. आई मोठ्या घरात घरकामाची व्यवस्था बघणारी, वडील फसलेले दुकानदार आणि बरे क्रिकेटपटू. (केंटकडून खेळताना १८६२ साली या वडिलांनी लागोपाठ चार चेंडूंवर चार बळी घेतले होते. मुलाच्या कोणत्याही कादंबरीइतकीच ही गोष्ट मला अद्भुत वाटते.) शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन वेल्स यांनी टी. एच. हक्सले यांच्याकडे जीवशास्त्र शिकलं. डार्विनची बाजू भर सभेत लढवणारे ते हक्सले. पुढे १८९५ साली वेल्स वोकिंगला राहायला गेले, सायकल शिकले आणि आसपासच्या रस्त्यांवर हिंडत कुठलं गाव कसं उद्ध्वस्त करायचं याच्या जागा हेरत सुटले. शेजाऱ्यांना चमत्कारिक रीतीने ठार मारतो आहे, असं त्यांनी एका पत्रात मजेत कळवलंही होतं. म्हणून कादंबरीतलं प्रत्येक ठिकाण खरं आहे. हॉर्सेलचा माळ, जिथे पहिला प्रचंड धातूचा दंडगोल येऊन रुततो, तो आजही आहे. गावाने तर १९९८ साली भर वस्तीत सात मीटर उंचीचं एक चकचकीत मंगळयंत्र उभं केलं. ज्याने आपल्याला जाळलं त्याचाच पुतळा!

कथा थोडक्यात अशी. मंगळ थंड होत चालला आहे, तिथले प्राणी बुद्धीने आपल्याहून फार पुढे गेलेले आहेत आणि त्यांना पृथ्वी हवी आहे. ते येतात, सरळ मारत सुटतात, इंग्लंडचं सैन्य काही दिवसांत कोलमडतं, लंडन रिकामं होतं. सांगणारा एक निनावी लेखक आहे. शेवटी मंगळवाले मरतात ते आपल्या तोफांनी नव्हे, आपल्या जिवाणूंनी. हा शेवट इतका प्रसिद्ध आहे की तो सांगितल्याने कुणाचा रसभंग होऊ नये.

यातलं विज्ञान आज किती टिकतं? मंगळावरची संस्कृती तर पार कोसळली. स्किआपारेल्ली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८७७ साली मंगळावर रेषा पाहिल्या, अमेरिकेच्या पर्सिव्हल लॉवेल यांनी त्यांचे कालवे केले आणि कालवे म्हटल्यावर ते खणणारे आलेच. जुलै १९६५ मध्ये ‘मरिनर ४’ मंगळाजवळून गेलं, त्याने एकवीस-बावीस छायाचित्रं पाठवली आणि त्यांत दिसली ती विवरं. कालवे नाहीत, कुणी खणणारं नाही. पण तपशिलात वेल्स थक्क करतात. मंगळाचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के आहे, म्हणून त्यांचे मंगळवाले इथे आल्यावर स्वतःच्याच वजनाखाली धापा टाकतात. दंडगोलाच्या तोंडातून बाहेर पडलेला पहिला प्राणी धप्पकन खड्ड्यात कोसळतो. पन्नास वर्षांनंतरच्या कितीतरी चित्रपटांना एवढंही सुचलं नाही. मंगळवाले हल्ला करतात तोही पृथ्वी आणि मंगळ जवळ येतात त्या सुमारास, एकही रात्र न सोडता, लागोपाठ दहा रात्री दहा दंडगोल सोडून. दोन ग्रहांची ही जुळणी साधारण २६ महिन्यांनी येते आणि आपली यानंही त्याच सुमारास निघतात. ‘मंगळयान’ ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालं ते याच गणिताने.

शस्त्रांचं तर विचारूच नका. उष्णकिरण अदृश्य आहे, सरळ रेषेत जातो, आरशाने फेकला जातो आणि आवाज करत नाही. पहिला लेझर प्रत्यक्षात चमकला १९६० साली. मंगळवाल्यांचा काळा धूर हवेपेक्षा जड असतो, पाण्यासारखा उतारावरून वाहतो, खळग्यांत साचतो आणि श्वास घेणाऱ्याला मारतो. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला, तो अगदी असाच खंदकांत उतरला. कादंबरी आणि क्लोरीन यांच्यात १८ वर्षांचं अंतर आहे. भविष्य सांगितलं म्हणून मी वेल्स यांचं कौतुक करत नाही. युद्धात प्रगत माणूस कुठवर जाईल, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं, आणि त्यासाठी मंगळाकडे पाहायची गरज नव्हती.

आजच्या वाचकाला चटका बसतो तो मात्र बातमीच्या प्रसंगात. दंडगोल पडल्याची पहिली तार एक पत्रकार लंडनच्या सायंदैनिकाला करतो. कचेरीचा विश्वास बसत नाही. ती खातरजमेसाठी उलट तार करते. उत्तर येत नाही, कारण पत्रकार एव्हाना जळून मेलेला आहे. उत्तर नाही म्हणजे बातमी खोटी, असं समजून खास अंक रद्द होतो! माळावर चाळीसेक माणसं राख होऊन पडलेली असताना मैलभर अंतरावर गाड्या वेळेवर धावतात, इंजिनं डबे बदलतात, लोक जेवायला बसतात. मार्च २०२० चे पहिले दोन आठवडे आठवून पाहा. संकट आलेलं असतं, फक्त ते अजून ‘आपल्याकडे’ आलेलं नसतं. पुढे लंडनहून साठ लाखांचा लोंढा निघतो. गाड्या, हातगाड्या, घोडे, म्हातारे, पैशांच्या थैल्या, पाणी मागणारी माणसं. हे प्रकरण आज कल्पित म्हणून वाचताच येत नाही. ऑर्सन वेल्स यांनी ऑक्टोबर १९३८ मध्ये अमेरिकेत रेडिओवर ही कथा बातमीपत्रासारखी सादर केली आणि देशभर हाहाकार उडाला, ही गोष्ट मात्र वर्तमानपत्रांनी पुष्कळ फुगवलेली होती. खरा अनर्थ १९४९ साली इक्वेडोरच्या किटो शहरात झाला. नाटक असल्याचं कळल्यावर चिडलेल्या जमावाने रेडिओची इमारतच पेटवली आणि माणसं मेली.

आता कादंबरीच्या मुळाशी येऊ. वेल्स यांचा भाऊ फ्रँक. दोघे सरे परगण्याच्या शांत शिवारात फिरत असताना टास्मानियाचा विषय निघाला. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेच्या या बेटावर इंग्रज उतरले आणि तिथल्या मूळ रहिवाशांचा काही दशकांत संहार झाला. फ्रँकने विचारलं, असंच आकाशातून कुणी इथे उतरलं तर? पुस्तक अर्पण केलं आहे ते याच भावाला. पहिल्याच प्रकरणात लेखक वाचकाला बजावतो की मंगळवाल्यांना क्रूर म्हणण्याआधी आपण टास्मानियात काय केलं ते आठवा. राणीच्या राज्याचा हीरकमहोत्सव साजरा करणाऱ्या वाचकाला हे सांगायला छाती लागते. आणि तरी आजच्या डोळ्यांना याच परिच्छेदात खडा लागतो. वेल्स टास्मानियाच्या लोकांना खालच्या पायरीचे मानव समजतात आणि ते समूळ नाहीसे झाले असं गृहीत धरतात. ते नाहीसे झालेले नाहीत. त्यांचे वंशज आज टास्मानियात राहतात, स्वतःला पालावा म्हणवतात आणि ‘आम्ही संपलो’ हे वाक्य खोडत त्यांना कित्येक पिढ्या काढाव्या लागल्या. साम्राज्यावर टीका करणारा लेखकही साम्राज्याच्याच चष्म्यातून पाहत होता.

आपल्याला हे दुसऱ्या बाजूने वाचता येतं. तारखा नुसत्या शेजारी ठेवून बघा. सप्टेंबर १८९६: मुंबईच्या मांडवीत मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लाखो लोक मुंबई सोडून निघाले. १० जानेवारी १८९७: भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्या देखरेखीखाली गोरे शिपाई घराघरांत घुसले, माणसं आणि सामान बाहेर काढू लागले. एप्रिलमध्ये लंडनमध्ये वेल्स यांची कथा क्रमशः सुरू झाली. २२ जून १८९७ रोजी लंडनच्या रस्त्यांवरून व्हिक्टोरियाची मिरवणूक निघाली आणि त्याच रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. २० ऑगस्टला सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परोपजीवी दिसला. आणि मासिकाच्या डिसेंबर अंकात कथा संपली.

आगंतुक येतात, त्यांच्याकडे अनाकलनीय शस्त्रं असतात, ते बोलत नाहीत, परवानगी मागत नाहीत, दार फोडून आत येतात. इंग्रज वाचकाला हे कल्पनेने समजून घ्यावं लागत होतं. कसबा पेठेतल्या माणसाला त्यासाठी मासिकाची वर्गणी भरावी लागत नव्हती. आणि तो १८९७ चा कायदा? महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये करोनासाठी पहिल्यांदा बाहेर काढला तो हाच.

मात्र जिवाणूंच्या बाबतीत इतिहास वेल्स यांच्याइतका न्यायी नव्हता. कादंबरीत सूक्ष्मजीव जिंकणाऱ्यांविरुद्ध लढतात. असं कधी कधी खरंही झालं. सतराव्या शतकातल्या मुंबईत गोऱ्या माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, असं खुद्द इंग्रजच म्हणत. आफ्रिकेचा पश्चिम किनारा त्यांचं स्मशान होता. पण अमेरिकेत देवीचा रोग आक्रमकांच्या बाजूने गेला, जहाजातून त्यांच्याबरोबरच उतरला आणि तलवारीपेक्षा जास्त माणसं मारून गेला. पुण्यातही प्लेगने रँडला नाही, रहिवाशांनाच मारलं, वर सरकारला घरात शिरायला निमित्त दिलं. रोगाला बाजू नसते. ज्याच्या अंगात त्याची ओळख नाही, तो मरतो, इतकंच.

हे ‘ओळख नसणं’ वेल्स यांना हक्सले यांच्या शिष्याला शोभेल असं कळलं होतं. नैसर्गिक निवडीत कोट्यवधी मरणांची किंमत मोजून आपण या जिवाणूंशी जगायचा हक्क मिळवला, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मंगळावर असे जीव कधी नव्हतेच, किंवा तिथल्या विज्ञानाने ते केव्हाच नष्ट केले होते. आजचा जीवशास्त्रज्ञ इथे थोडा कुरकुरेल. बहुतेक रोगजंतू आपल्या यजमानाबरोबर उत्क्रांत होतात. गोवराच्या विषाणूला माणसाच्या पेशीचं विशिष्ट कुलूप लागतं, मंगळवाल्याच्या पेशीत त्याची किल्ली चालणार नाही. पण कुजवणारे जिवाणू आणि बुरशी यांना असले नखरे नसतात. ओलावा मिळाला, अन्न मिळालं, विरोध झाला नाही की ते वाढतात. गंमत म्हणजे वेल्स यांनीही रोगाच्या जिवाणूंबरोबर कुजवणाऱ्या जिवाणूंचा उल्लेख केला आहे. प्रयोगशाळेत पूर्ण जंतुविरहित वाढवलेले उंदीर असतात. त्यांना बंद कक्षाबाहेरची साधी हवाही धोक्याची असते, कारण त्यांची प्रतिकारशक्ती तालमीशिवाय वाढलेली असते. मंगळवाले तसेच.

त्यातून त्यांचा आहार बघा. त्यांना पोट नाही, आतडी नाहीत. ते माणसाचं ताजं रक्त नळीने थेट आपल्या रक्तवाहिन्यांत घेतात. १८९७ च्या वाचकाला हे पिशाच्चासारखं वाटलं असेल. आजचा वाचक कपाळाला हात लावतो: तपासणी नाही, गाळणी नाही, हजारो अनोळखी माणसांचं रक्त सरळ शिरेत! लँडस्टायनर यांनी माणसाचे रक्तगट शोधले तेच मुळी १९०१ च्या सुमारास. जठरातलं आम्ल, आतड्याचं अस्तर, तिथे ठाण मांडून बसलेले आपले मित्रजिवाणू, हा सगळा पहारा मंगळवाल्यांनी प्रगती समजून काढून टाकला होता. एका माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे जवळपास आपल्या स्वतःच्या पेशींइतकेच. हे गणित वेल्स यांना ठाऊक असणं शक्य नव्हतं. एकटा निर्जंतुक प्राणी दुबळा असतो, हे मात्र त्यांनी लिहून ठेवलं.

आणि इथे कादंबरीतला सर्वांत थंड काटा आहे. मंगळवाला दिसतो कसा? जवळजवळ नुसतं डोकं, त्याला दोन झुपक्यांत सोळा सोंडा. शरीर झडून गेलेलं, भावना झडून गेलेल्या, उरली बुद्धी आणि यंत्रं. १८९३ साली वेल्स यांनीच एक लेख लिहिला होता: दहा लाख वर्षांनंतरचा माणूस कसा असेल? तो असाच असेल, असं त्यात म्हटलं होतं. कादंबरीचा निवेदक त्या लेखाचा उल्लेख करतो, लेखकाचं नाव न घेता. म्हणजे मंगळावरून आलेले ते परके कुणी नाहीत. ते पुढचे आपण आहोत.

हे लक्षात आलं की माणसांच्या वागण्याचे प्रसंग अधिक भयाण वाटू लागतात. निवेदक एका पाद्र्यासोबत पडक्या घरात अडकतो. बाहेर मंगळवाले, आत अन्न थोडं आणि पाद्री भान हरपून ओरडू लागलेला. निवेदक सुऱ्याच्या मुठीचा तडाखा घालून त्याला पाडतो आणि यंत्राची सोंड त्याला ओढून नेते. मग भेटतो तोफखान्यातला शिपाई. तो मोठमोठे बेत सांगतो: गटारांत राहू, सशक्त तेवढे निवडू, दुबळ्यांनी मरावं, पुढे त्यांचीच यंत्रं काबीज करू. निवेदक भारावून जातो. शिपायाने आठवडाभर खपून खणलेलं भुयार जेमतेम दहा यार्ड निघतं आणि संध्याकाळी स्वारी शॅम्पेन पीत पत्ते खेळते! करोनाच्या काळात अशा शिपायांचे लांबलचक संदेश ज्यांनी मोबाइलवर वाचले, त्यांनी हे प्रकरण चुकवू नये. दुबळ्यांना वगळण्याची कल्पना खुद्द वेल्स यांनाही पुढे काही काळ मोहात पाडत होती, हेही नोंदवायला हवं. कादंबरीकार म्हणून ते विचारवंत वेल्स यांच्यापेक्षा शहाणे होते. स्त्रियांच्या बाबतीत मात्र कादंबरीकारही कमी पडला. निवेदकाच्या बायकोला नाव नाही, काम नाही. पिस्तूल रोखून लुटारूंना पळवणारी मिस एल्फिन्स्टन काही पानं उजळून टाकते आणि दिसेनाशी होते.

एक धागा राहिला. १८९८ साली अमेरिकेतल्या वूस्टर गावात सोळा वर्षांच्या एका मुलाने ही कथा वाचली. पुढच्या वर्षी १९ ऑक्टोबरला तो चेरीच्या झाडावर चढला आणि मंगळापर्यंत जाणारं यंत्र करता येईल का, याचा विचार करू लागला. ती तारीख तो जन्मभर पाळत राहिला. हा रॉबर्ट गॉडर्ड. त्याने १६ मार्च १९२६ रोजी द्रवइंधनावरचा पहिला अग्निबाण उडवला. तो अडीच सेकंद उडाला. त्याच विद्येने पुढे माणसाची यंत्रं खरोखर मंगळावर पोचली आणि भूमिका उलटल्या. आता दंडगोल आपण सोडतो. मंगळावर जीव असलाच तर आपल्या जिवाणूंनी तो मरू नये, किंवा आपलेच जिवाणू शोधून आपण ‘जीव सापडला’ म्हणून नाचू नये, यासाठी १९६७ च्या अवकाश करारात दुसऱ्या ग्रहाला घातक दूषण टाळण्याचं कलम घातलं गेलं. १९७६ साली उतरलेली दोन ‘व्हायकिंग’ यानं उड्डाणाआधी सुमारे ११२ अंश सेल्सियसला तीसेक तास भट्टीत भाजून काढली होती. जुलै २०२० मध्ये पृथ्वीवर करोना भरात असताना अवघ्या अकरा दिवसांत तीन देशांची यानं मंगळाकडे निघाली: अमिरातीचं, चीनचं, अमेरिकेचं. आजारी ग्रहावरून लागोपाठ तीन झळाळ्या. मंगळावरून दंडगोल सुटताना कादंबरीतले खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीतून जे बघत होते तेच, फक्त दिशा उलटी.

पुस्तक छोटं आहे आणि स्वामित्वहक्काबाहेर असल्यामुळे फुकट मिळतं. वेल्स १९४६ साली गेले. वाचायला घेतलंत तर मोबाइलवर दक्षिण इंग्लंडचा नकाशा उघडा ठेवा: हॉर्सेल, वोकिंग, वेब्रिज, शेपर्टन, रिचमंड, प्रिमरोझ हिल. सगळ्या जागा सापडतील. ओरिएंटल रोडवरची मशीदही सापडेल, कळसासकट.